भाचीला नैराश्य आणि बायपोलरवर संशोधन करायचंय. हे करिअर प्रत्यक्षात कसं असतं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

माझी भाची नवी मुंबईत एमबीबीएस करून सध्या इंटर्नशिप करतेय. नीट-पीजीचा अभ्यासही जोरात चालू आहे. परवा तिने घरात जाहीर केलं की सीट मिळाली तर एमडी सायकियाट्रीच घेणार, आणि पुढे नुसता दवाखाना न थाटता नैराश्य आणि बायपोलर डिसऑर्डर (कधी खोल नैराश्य, कधी अतिउत्साह असा आजार) यांवर संशोधन करणार.

झालं, घरात दोन तट पडले. ताईचं म्हणणं, रँक चांगली आली तर रेडिओलॉजी का नको? भावजी म्हणतात, संशोधनच करायचं तर परदेशाची तयारी कर, इथे काही होत नाही. ऐरोलीच्या आजीला वेगळीच काळजी: "दिवसभर तसल्या माणसांत बसून पोरीच्याच डोक्यावर परिणाम झाला तर?" मी मावशी, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांचे फोन मलाच येतात.

मला विचाराल तर तिने जावं. पण तिच्या बाजूने बोलायचं तर हातात माहिती हवी. हृदयाचा डॉक्टर संशोधन करतो म्हणजे काय, हे मला साधारण कळतं. मनाच्या आजाराचं निदान ना रक्ताच्या रिपोर्टवर होत, ना एक्स-रेवर. मग हा माणूस सकाळी जाऊन नक्की मोजतो काय? आणि आपल्या ठाणे-मुंबईत राहून हे जमतं का? या क्षेत्रातल्या लोकांनी मोकळेपणाने लिहा. रुग्णांच्या घरच्यांनी लिहिलं तर फारच बरं.

जुना_ठाणेकर

भाचीचं अभिनंदन!

ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने बाहेरगावच्या पाहुण्यांकडून "याला ठाण्याला पाठवा" ऐकलेलंच असतं. आपलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. मंजूर खाटा १,८५०. राज्यात अशी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. लहानपणी त्या भिंतीच्या कडेने जाताना मोठी माणसं आवाज खाली आणायची. आता त्याच जागेच्या एका भागात नवं रेल्वे स्टेशन होतंय. ज्या गावात शंभराहून जास्त वर्षं हे आजार घेऊन माणसं येतायत, तिथली एक मुलगी हे आजार समजून घ्यायचं म्हणते. जाऊ द्या तिला.

खाडीकाठ

प्राथमिक शंका. सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट एकच ना?

घंटाळी_संध्याकाळ

@खाडीकाठ, नाही. सायकियाट्रिस्ट आधी एमबीबीएस, मग मानसोपचारात पदव्युत्तर. औषधं तो लिहितो. सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला, चाचण्या आणि बोलून करायचे उपचार हे त्याचं काम. दोघं एकत्र काम करताना बघायचे असतील तर ठाण्यातच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली.

दुसरी_पाळी

मी सायकियाट्रिस्ट. ठाण्यात प्रॅक्टिस करतो आणि एका कॉलेजच्या संशोधनातही काम करतो. रानजाईताई, "मोजतो काय" हा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

वाट अशी: इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन वर्षं. एमडीत थीसिस सक्तीचा, म्हणजे संशोधनाची पहिली चव प्रत्येकाला मिळतेच. मग सीनियर रेसिडेन्सी, मग एखाद्या कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर. त्यापुढे पीएचडी किंवा फेलोशिप. निम्हान्सला, म्हणजे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, राहिलं तर वातावरण पूर्ण संशोधनाचं.

आता मोजणं. नैराश्यासाठी हॅमिल्टनची मोजपट्टी १९६० पासून वापरात आहे, तिच्यात १७ मुद्दे. मेनियासाठी (बायपोलरचं अतिउत्साहाचं टोक) यंगची, १९७८ ची, ११ मुद्द्यांची. ऐकायला फॉर्म भरण्याइतकं सोपं वाटतं. पण हॅमिल्टनमध्ये झोपेचेच तीन वेगळे मुद्दे आहेत: झोप लागायला वेळ लागतो का, मध्येच मोडते का, आणि पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा लागत नाही का. समोरच्या बाई सांगतात, "डॉक्टर, रोज चारला जाग येते." तिसऱ्या मुद्द्याला पूर्ण गुण देऊन मोकळं व्हावं? आधी विचारायचं, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? चाळीत पाणीच चारला येत असेल तर ती जाग आजाराची नाही. पण पाणी भरून झाल्यावर पूर्वी ज्यांचा साडेपाचला पुन्हा डोळा लागायचा, त्या आता छताकडे बघत पडून राहत असतील, तर तो आजार असू शकतो. हे विचारायला मराठी नुसती येऊन भागत नाही, चाळीतला दिवस कसा उगवतो ते माहीत असावं लागतं. भावजींना सांगा, हे काम परदेशात बसून होत नाही.

बायपोलरमध्ये याहून मोठी अडचण आहे. आजाराची सुरुवात बऱ्याचदा नैराश्याने होते, आणि माणूस नैराश्यातच डॉक्टरकडे येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी आठवडाभर तीन तास झोपून भन्नाट उत्साहात होता, हे तो तक्रार म्हणून सांगतच नाही. कशाला सांगेल? त्याला ते दिवस छान गेलेले असतात. मग निदान नैराश्याचं होतं, नुसती नैराश्याची गोळी सुरू होते, आणि काही जणांमध्ये तीच गोळी मेनियाकडे ढकलते. योग्य निदानाला कित्येक वर्षं लागतात ती अशी.

म्हणून माझ्या मते या विषयातलं संशोधन म्हणजे मुळात पाठपुरावा. त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटणं. झुरिकच्या ज्यूल्स आंग्स्ट यांनी १९५९ ते १९६३ या काळात दाखल झालेल्या ४०६ रुग्णांचा चाळीसेक वर्षं माग ठेवला. नुसतं नैराश्य असणारे आणि बायपोलर असणारे हे दोन गट वेगळे धरावेत, हे १९६६ मध्ये ठामपणे मांडणाऱ्यांतही तेच होते. भाचीत तेवढी चिकाटी आहे का, एवढंच बघा.

येऊर

दुसरी_पाळी, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे.

पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा कॉलेजात होता. अंथरुणातून उठेना, आंघोळ नाही, जेवण नाही. सगळे म्हणाले अभ्यासाचं टेन्शन. बरा झाला. काही वर्षांनी एकदम दुसरं टोक. रात्री दोनला उठून वाशीच्या घरातल्या फर्निचरची जागा बदलायचा, तीन मित्रांना धंद्यात पार्टनर करून घेतलं, आईच्या नावावर कर्जाची चौकशी करून आला. चेहऱ्यावर तेज असं, की शेजारी म्हणाले "पोरगा बघा कसा मार्गाला लागला".

ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्या संशोधनही करायच्या. त्यांनी आईला विचारलं, गेल्या दोन वर्षांत कधी झोपायचा, कधी जागायचा, काही आठवतं का? आई घरी गेली आणि दोन वर्षांची कालनिर्णय घेऊन आली. दुधाच्या हिशेबाखाली तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: "जागा", "जागा", "जेवला नाही", "खुशीत". डॉक्टर बाई उठून आईशेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि महिन्यामागून महिना उलटत आलेखाच्या कागदावर रेघ काढत गेल्या. वर, खाली, सपाट. भाऊ ते बघत होता. म्हणाला, "हा मी आहे?"

तेव्हापासून तो गोळ्या स्वतःहून घेतो. त्यामुळे आजींना सांगा, "तसल्या माणसांत" म्हणजे माझ्या भावासारख्या माणसांत. तो आज नोकरी करतो, आणि आमच्या सोसायटीचा गणपती त्याच्याशिवाय बसत नाही.

रानजाई

येऊर, तुमची पोस्ट मी आजीला वाचून दाखवली. तिने आईंची तब्येत विचारलीय.

हिशेबनीस

कुणीतरी व्यवहाराचं बोलायला हवं. खाजगी प्रॅक्टिस करणारा सायकियाट्रिस्ट आज ठाण्यात उत्तम कमावतो, कारण रुग्ण भरपूर आणि डॉक्टर कमी. संशोधक व्हायचं म्हणजे कॉलेजचा पगार, अनुदानाच्या अर्जांची वाट बघणं आणि पेपर छापून यायची वाट बघणं. पस्तिशीपर्यंत घराचा हप्ता सुरू करता येईल का, हा प्रश्न मुलीने स्वतःला विचारावा. आवड वगैरे ठीक आहे, पण घोडबंदरला टू बीएचके आवडीवर मिळत नाही.

दुसरी_पाळी

@हिशेबनीस, मुद्दा रास्त आहे आणि तो तिच्यापासून लपवू नये. पण हे किंवा ते, असं असायची गरज नाही. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लिनिक असं करणारे पुष्कळ आहेत, जिथे नोकरीचे नियम परवानगी देतात तिथे. शिवाय आयसीएमआरची (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) अनुदानं आहेत, आणि इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप तर डॉक्टर-संशोधकांसाठी वेगळ्या असतात. स्पर्धा मोठी आहे, हे खरं.

माणसांच्या तुटवड्याबद्दल: भारतात लाखामागे पाऊण सायकियाट्रिस्टही धड नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के आणि बायपोलरचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्यातल्या माणसांविषयी आपल्यालाच किती कमी ठाऊक आहे बघा. तिला विषय कमी पडणार नाहीत.

अनुस्वार

संशोधकाचं आयुष्य कसं असतं हे कळायला लिथियमची, म्हणजे बायपोलरवरच्या जुन्या औषधाची, गोष्ट वाचावी. थोडक्यात सांगतो.

जॉन केड हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात चांगीच्या छावणीत जपान्यांचे युद्धकैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या इस्पितळात त्यांच्या डोक्यात आलं की मेनिया एखाद्या विषारी द्रव्यामुळे होत असेल आणि ते लघवीत सापडेल. त्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. युरिक ॲसिड विरघळावं म्हणून लिथियमचा क्षार वापरला, तर गिनीपिग शांत पडून राहिले. मूळ कल्पना फोल होती, पण हाती भलतंच लागलं. आधी स्वतः घेऊन बघितलं, मग १९४८ मध्ये रुग्णांना दिलं, आणि १९४९ मध्ये दहा मेनियाच्या रुग्णांचे निष्कर्ष छापले.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लिथियमचं प्रमाण जास्त झालं की विषबाधा होते. केड यांचा पहिला रुग्णही शेवटी त्यातच दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिलं गेलं आणि काही मृत्यू झाले. डॉक्टर धास्तावले. डेन्मार्कच्या मॉगेन्स शाऊ यांनी मात्र काम सोडलं नाही. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य यायचं. शाऊ आणि बास्त्रुप यांनी लिथियमने पुढचे झटके टळतात असं दाखवलं, तर १९६८ मध्ये लंडनच्या शेफर्ड आणि ब्लॅकवेल यांनी ही निव्वळ दंतकथा असल्याची टीका केली: तुमच्या अभ्यासात तुलनेचा गट कुठे आहे? शाऊंनी टीका मनावर घेतली आणि काटेकोर प्रयोग केला. लिथियमवर स्थिर असलेल्या निम्म्या रुग्णांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. १९७० मध्ये निष्कर्ष आले आणि वाद बराचसा मिटला. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणजे केड यांचे निष्कर्ष छापून आल्यापासून एकवीस वर्षं. भावाला फायदा होतोय हे डोळ्यांनी दिसत असतानाही या माणसाने पुरावा द्यायची तयारी ठेवली. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे.

सानपाडा_स्लो

पण २०२२ मध्ये बातमी आली होती ना, की नैराश्य मेंदूतलं सेरोटोनिन हे द्रव्य कमी झाल्यामुळे होतं याला पुरावाच नाही? मग या गोळ्या कशाला?

दुसरी_पाळी

बातमी खरी, पण त्यावरून काढला गेलेला निष्कर्ष घाईचा. आजाराचं कारण काय आणि औषधाचा उपयोग होतो का, हे दोन वेगळे प्रश्न. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचा, एक लाख सोळा हजारांवर रुग्णांचा एकत्र आढावा आला. त्यात मोठ्या माणसांच्या तीव्र नैराश्यात तपासलेली २१ च्या २१ औषधं बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फायदा सरासरीत माफक आहे, आणि कुणाला कोणती लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या गोळीने साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले. संशोधनाची गरज इथेच आहे. आणि हो, कुणीही हे वाचून गोळ्या परस्पर बंद करू नका.

पारसिकचा_डोंगर

सेरोटोनिनचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. या सगळ्या तर्काची एक मुळी आपल्या सर्पगंधेत आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मांडलं आणि जगाचं लक्ष वेधलं. पुढे तिच्यातून काढलेलं रिसर्पिन घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना नैराश्य आल्याचं दिसलं. रिसर्पिनने मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं घटतात, मग नैराश्य त्यामुळेच येत असेल का, अशी विचाराची साखळी सुरू झाली. ती पुरती खरी ठरली नाही, पण पुढच्या कित्येक वर्षांचं काम तिच्यातून निघालं.

खाडीकाठ

सर्पगंधा बाल्कनीत लावली तर चालेल का?

पारसिकचा_डोंगर

फुलं सुंदर येतात, जरूर लावा. काढा मात्र करू नका. :)

ऐरोली_नॉलेज_पार्क

मी औषधचाचण्यांच्या समन्वयाचं काम करते, म्हणून थोडी भर. नैराश्याची चाचणी सुरू होण्याआधी सगळ्या केंद्रांवरच्या डॉक्टरांना एकच मुलाखत दाखवतात आणि प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यायचे असतात. मग तुलना. एकाच रुग्णाला एकाने १४ दिले आणि दुसऱ्याने २२, तर चाचणीला अर्थच उरत नाही, म्हणून जुळेपर्यंत सराव. शिवाय एथिक्स कमिटी, सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी (ती २००९ पासून सक्तीची), आणि संमतीपत्र. गंभीर नैराश्यातला माणूस "कुठे सही करू?" एवढंच विचारतो. त्याला तिथेच थांबवून, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार मिळणारच आहेत, हे पटेपर्यंत सांगावं लागतं. चांगला संशोधक मी इथे ओळखते. जो सही लांबवतो तो.

रेसिडेन्ट_डायरी

मी सध्या एमडी करतेय, कॉलेज सांगत नाही. वरची चर्चा छान आहे, पण थोडी वस्तुस्थिती.

थीसिसचे रुग्ण ओपीडीतून मिळतात, आणि ओपीडीत एकेकाला पाच-सात मिनिटं. एवढ्यात हॅमिल्टन प्रामाणिकपणे भरताच येत नाही. मी माझ्या रुग्णांना ओपीडी संपल्यावर थांबवते. कुणी बदलापूरहून, कुणी पनवेलहून आलेलं असतं, परतीची गाडी गाठायची असते. पुढच्या महिन्यात यातले बरेच जण येतच नाहीत, आणि मग पाठपुरावा कुणाचा करायचा? फोनसाठी वेगळी सोय मागितली होती, ती आमच्याकडे मिळाली नाही.

पण मनावरच्या ओझ्याबद्दल आजींना जे वाटतं, त्याचं उत्तर: ओझं असतं, आणि ते वाटून घेतलं तर उचलतं. आमच्या युनिटमध्ये मॅडम दर आठवड्याला सगळ्यांना बसवून विचारतात, कुठला रुग्ण डोक्यातून जात नाहीये? ज्या विभागात हे विचारणारं कुणी आहे, असाच विभाग निवडायला सांगा. रँकपेक्षा हे जास्त बघा.

येऊर

@रेसिडेन्ट_डायरी, रुग्ण येत नाहीत याचं एक कारण घरच्यांकडून सांगते. बरं वाटायला लागलं की माणूस म्हणतो, आता कशाला जायचं? आम्हाला डॉक्टरांकडच्या ताईंचा फोन यायचा, "लिथियमच्या तपासणीची वेळ झाली, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी या, सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या." त्या एका फोनमुळे आम्ही टिकलो. आणि एक विचारायचं होतं, आई नवरात्रात निर्जळी उपवास करायला सांगते भावाला...

दुसरी_पाळी

@येऊर, निर्जळी अजिबात नको. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. मे महिन्याच्या घामातही पाणी भरपूर प्यायला हवं, आणि मीठ एकदम तोडायचं नाही. सांधेदुखीवरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही न विचारता घेऊ नयेत. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या-जुलाब असं काही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठायचे. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी ठरल्या वेळी.

रेसिडेन्ट मॅडमचा मुद्दा शंभर टक्के खरा. फोन करणारा माणूस हा संशोधनाचा कणा आहे आणि अनुदानाच्या अर्जात त्याचाच पगार सगळ्यात आधी कापला जातो. याचा मला मनापासून राग येतो.

मांडवीकाठ

मी मूळची गोव्याची, आता खारघर. डॉ. विक्रम पटेल यांचं नाव कसं नाही आलं अजून? मुंबईत जन्मलेले सायकियाट्रिस्ट, १९९६ मध्ये गोव्यात संगत ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी. त्यांच्या गटाने नैराश्यासाठी गावातल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवलं आणि त्याची रीतसर चाचणी घेतली, २०१० मध्ये लॅन्सेटला आली. सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खाजगी डॉक्टरांकडे तसा दिसला नाही, आणि हेही त्यांनी जसंच्या तसं छापलं. संशोधन म्हणजे फक्त जनुकं आणि स्कॅन नव्हे.

संपादक_मंडळ

धागा चांगला चाललाय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी तातडीने बोलायचं असेल, तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. औषधांचे डोस इथे विचारू नयेत.

रानजाई

सगळ्यांचे आभार. भाचीने धागा पूर्ण वाचला. ताईनेही वाचला. रेडिओलॉजीचा विषय कालपासून निघालेला नाही, एवढं सांगते. भावजी अजून परदेशावर अडून आहेत.

भाचीचे दोन प्रश्न मी तसेच टाकते. एक, तिला बायपोलरमध्ये लिथियम कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, यात रस आहे. त्यावर इथे काम होतं का? दोन, एमडीला लागल्यावर थीसिसचा विषय कधी ठरवावा लागतो?

दुसरी_पाळी

पहिला: होतं. लिथियमने साधारण एक तृतीयांश लोकांना फार उत्तम गुण येतो, आणि का येतो हे नीट कळलेलं नाही. त्याच्या जनुकीय बाजूवर कॉनलिजेन नावाचा आंतरराष्ट्रीय गट काम करतो. निम्हान्स आणि तिथल्याच एनसीबीएस आणि इनस्टेम या जीवशास्त्राच्या संशोधन संस्था यांनी मिळून बंगळूरमध्ये एक मोठा प्रकल्प उभा केला, एकाच घरात अनेकांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा, त्यांच्या पेशींपासून पाठपुराव्यापर्यंत. भावजींना बंगळूरपर्यंतचं तिकीट काढायला सांगा, सध्या तेवढं पुरे. लिथियम स्वस्त आणि जुनं, त्यावर पैसे घालायला कंपन्यांना फारसं कारण नाही. म्हणून हे काम सरकारी पैशावर आणि कॉलेजांतल्या डॉक्टरांच्या हट्टावरच चालणार.

दुसरा: थीसिसचा प्रोटोकॉल, म्हणजे आराखडा, बहुतेक ठिकाणी पहिल्या सहा महिन्यांत द्यावा लागतो. विषय लहान निवडायचा, पण ज्यात तेच रुग्ण किमान दोनदा भेटतील असा. आणि रेसिडेन्ट_डायरी म्हणतात तसा फोनचा प्रश्न आधी सोडवायचा, प्रोटोकॉल लिहायच्या आधी.

रेसिडेन्ट_डायरी

रानजाईताई, भाचीला मला मेसेज करायला सांगा. माझ्या थीसिसचा रोजचा फॉर्म आणि रुग्णांना फोनवर काय विचारायचं त्याची मराठी यादी मी पाठवते. पाण्याच्या वेळेचा प्रश्न आजच त्यात घातलाय.